कुरामोचींच्या नावाची पिशवी

१

मंगळवारी सकाळी आठ वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या आळीत कचऱ्याची गाडी पेटली.

मी तेव्हा एका गिऱ्हाइकाच्या गालावर वस्तरा फिरवत होतो. माझं सलून आळीच्या तोंडाशी आहे आणि कचरा ठेवायची जागा बरोबर समोर, भिंतीलगत, कावळ्यांनी पिशव्या फोडू नयेत म्हणून टाकलेल्या निळ्या जाळीखाली. त्यामुळे कोणी काय टाकलं आणि कोणाचं काय परत आलं, हे माझ्याइतकं मिनातोहारा शहरात दुसऱ्या कोणाला माहीत नसेल. आधी आत काहीतरी फुटल्याचा आवाज झाला. मग गाडीच्या मागच्या तोंडातून पिवळट धूर निघाला आणि पाठोपाठ जाळ. गिऱ्हाईक अर्ध्या दाढीनिशी रस्त्यावर धावलं, मी वस्तरा हातात घेऊनच.

गाडीवरचे इगाराशी हे पन्नाशीचे, कमी बोलणारे गृहस्थ. गाडीसकट सगळं जाणार हे त्यांनी ओळखलं, खटका ओढला आणि पेटलेला माल सरळ रस्त्यावर ओतला. पण एक जळती पिशवी गाडीच्या कडेला अडकून राहिली. ती त्यांनी हातानं ओढून काढली. हातमोजा होता, पण तो वितळला.

एवढ्यात माझ्या बाजूनं कोणीतरी सुसाट गेलं. पाहतो तर शेजारच्या ओगुशीसान, माझ्याच सलूनच्या भिंतीवरचं आग विझवायचं नळकांडं काढून घेऊन निघालेल्या. वय अडुसष्ट. एकतीस वर्षं टपाल कचेरीत पत्रं निवडण्यात गेलेली. त्यांनी पिन उपटली, वारा कुठून येतोय ते पाहिलं आणि ढिगावर फवारा मारला. अग्निशामक दल आलं तेव्हा विझवायला फारसं उरलं नव्हतं.

अग्निशामक दलाच्या माणसानं ढीग उपसून तळहाताएवढी एक काळी वस्तू बाहेर काढली. बॅटरी होती, फुगून फुटलेली. वितळून ती एका अर्धवट जळालेल्या पिशवीला चिकटली होती. आमच्याकडे पिशवीवर घराचं नाव लिहावंच लागतं, नाहीतर गाडी ती उचलत नाही. त्या माणसानं पिशवीवरची काजळी अंगठ्यानं पुसली आणि नाव मोठ्यानं वाचलं.

"कुरामोची. तिसरा गट. कोण आहेत कुरामोची?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. शेवटी ओगुशीसान म्हणाल्या, "ते फेब्रुवारीत वारले."

२

कुरामोची म्हणजे आमच्या आळीचे कचऱ्याचे कोतवाल. वीस वर्षं त्यांनी ते काम केलं. शहराचं नियमांचं पुस्तक चौसष्ट पानांचं. बाटली वेगळी, तिचं झाकण वेगळं, तिच्यावरचा कागद तिसरीकडे. टोफूचा डबा धुऊन प्लॅस्टिकमध्ये, पण डाग राहिला तर जाळायच्या कचऱ्यात. झाडू पन्नास सेंटिमीटरपर्यंत साधा कचरा, वर गेला की मोठा कचरा, त्याला फोन करून तारीख घ्यायची. हे सगळं कुरामोचींना तोंडपाठ होतं. आळीत त्यांचा धाक होता आणि त्यांच्या पाठीमागे त्यांच्या नावानं बोटंही मोडली जायची. अंत्यसंस्काराला मात्र सगळी आळी गेली होती.

आणि आता जूनमध्ये त्यांच्या नावाची पिशवी.

बुधवारी शहर कचेरीतला माणूस आला आणि भिंतीवर नोटीस चिकटवून गेला. बॅटरी कोणी टाकली ते नावानिशी शुक्रवारी दुपारपर्यंत लेखी कळवावं. न कळवल्यास ही जागा तीन महिने बंद. तोवर सर्वांनी कचरा कालव्याकाठच्या जागी न्यावा. कालवा म्हणजे नव्वद पायऱ्या खाली. आमच्या आळीच्या समितीत एकोणीस घरं, त्यांतल्या अकरा घरांत सत्तरीच्या पुढची माणसं. नोटीस वाचून ती माणसं माझ्याच सलूनमध्ये येऊन बसली. केस कोणालाच कापायचे नव्हते.

सगळ्यांचा राग एकदम बाहेर पडला. एकीनं सांगितलं, दह्याच्या डब्यावरचा कागद निघेना म्हणून तिनं तो डबा रात्रभर भिजत ठेवला होता, तरी पिशवी परत आली. एका आजोबांनी तुटलेली छत्री चार महिने दाराआड ठेवलीय, कापड एकीकडे आणि काड्या दुसरीकडे टाकायच्या असतात, आणि त्यांच्या बोटांना त्या सुट्या होत नाहीत. माझीही पिशवी त्या मंगळवारीच लाल चिठ्ठी लावून परत आली होती. का, तर सोयासॉसच्या बाटलीवर कागदाची बोटभर पट्टी राहिली होती. तेवढ्यावरून मी दोन दिवस धुमसत होतो.

लाल चिठ्ठी लावणारे होते नाबेशिमा, आमच्या आळीच्या समितीचे अध्यक्ष. पहाऱ्याची पाळी दर मंगळवारी एकेका घराकडे फिरते. सहा ते आठ जाळीपाशी उभं राहायचं. तो मंगळवार त्यांचा होता, कुरामोची गेल्यानंतरचा त्यांचा पहिलाच. बाकीचे आम्ही नुसते उभे राहतो आणि जांभया देतो. पिशवी न् पिशवी उचलून बघणारे कुरामोचींनंतर फक्त नाबेशिमाच.

ते कोपऱ्यात बसून होते, चेहरा मेणासारखा. आगीच्या वेळीही ते गर्दीच्या कडेला असेच लटपटत उभे होते. सत्तरीचा माणूस धावत आला म्हणून तसं झालं असेल, असं आम्हाला वाटलं होतं.

"मुलगीच असणार," कोणीतरी म्हटलं. कुरामोचींची मुलगी मिसाओ दर शनिवारी मोटार घेऊन येते आणि वडिलांचं घर थोडं थोडं रिकामं करते.

ओगुशीसाननी त्याच संध्याकाळी तिला माझ्याच फोनवरून गाठलं. मिसाओ म्हणाली, ती सगळं सामान स्वतःच्या शहरात नेते, इथे एक चिटोरंही टाकलेलं नाही. मंगळवारी ती कामावर होती. मग तिनं एक गोष्ट सांगितली. जानेवारीत वडील इस्पितळात असताना त्यांनी तिच्याकडून शहराच्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांचे गठ्ठे आणि एक काळा मार्कर मागवून घेतला होता. पलंगावर बसून ते दिवसभर पिशव्यांवर नाव लिहीत बसायचे. तिला वाटलं, त्यांचं डोकं फिरायला लागलं. नर्सनंही तेच म्हटलं.

"ते गठ्ठे आता कुठे आहेत?" ओगुशीसाननी विचारलं.

मिसाओ म्हणाली, तेच तर तिला कळत नाही. घरात एकही नाही.

३

जळलेली पिशवी माझ्या मागच्या अंगणात होती. अग्निशामक दलानं बॅटरी नेली, बाकीचा राडा आमच्यावर सोडला. तो आवरताना ओगुशीसाननी ती पिशवी बाजूला काढून माझ्या टॉवेल धुवायच्या टबात ठेवली होती. गुरुवारी सकाळी सलून उघडण्याआधी आम्ही दोघं तिच्यासमोर उकिडवे बसलो.

"अक्षर त्यांचंच," त्या म्हणाल्या. "एकतीस वर्षं त्यांची नववर्षाची पत्रं माझ्या हातून गेली. शेवटचा फटकारा असा वर उडवणारा शहरात दुसरा नाही."

मग त्यांनी मला नावाच्या मधोमध बोट ठेवून दाखवलं. तिथे रेघ तुटली होती, नेमकी पिशवीच्या घडीवर. म्हणजे पिशवी घडी घातलेली असतानाच त्यावर नाव लिहिलं होतं, भरल्यावर नव्हे. मिसाओनं सांगितलेल्या गठ्ठ्यातलीच ही एक होती. ते गठ्ठे कोणाकडे तरी होते आणि तो माणूस फेब्रुवारीपासून मेलेल्याच्या नावानं कचरा टाकत होता.

आतला माल त्यांनी एकेक करून फरशीवर मांडला. छोटे छोटे डबे, सगळे एका आकाराचे, घासून धुतलेले, कागदाचा कण नाही, एकात एक बसवलेले. एका डब्यावर उठावाची अक्षरं होती. ज्यांना घास गिळता येत नाही अशा आजाऱ्यांसाठी मिळते, ती घट्ट जेली.

आमच्या आळीत तसं माणूस एकच. इनूईंच्या घरची म्हातारी.

पण तिच्या मुलीला, साए इनूईला, या जागी कचरा ठेवायचा हक्कच नव्हता. चाळिशीची ही बाई घरी बसून किमोनो शिवते. आई अंथरुणाला खिळल्यावर तिला पहाऱ्याची पाळी जमेना. गेल्या वर्षी समितीत यावरून बोलाचाली झाली. कोणीतरी म्हणालं, पाळी सगळ्यांना सारखी, आजारपण सगळ्यांच्या घरी असतं. ती उठली आणि समिती सोडून गेली. समितीत नाही त्यानं आमची जागा वापरायची नाही, कचरा शहराबाहेरच्या भट्टीवर स्वतः न्यायचा, असा नियम. तिच्याकडे गाडी नाही. तिचा कचरा जातो कुठे, हे वर्षभरात आमच्यापैकी एकानंही विचारलं नव्हतं.

आम्ही तिच्या दारात गेलो. ओगुशीसाननी काही विचारायच्या आतच तिनं माझ्या हातातल्या डब्याकडे पाहिलं.

"पिशवी माझी आहे," ती म्हणाली. "आत या."

तिनं कपाट उघडून गठ्ठे दाखवले. कुरामोची डिसेंबरात एकदा तिच्याकडे आले होते, दारातच उभे राहिले आणि विचारलं, तुमचा कचरा जातो कुठे. तिनं खरं ते सांगितलं. स्नानघरात साठवते, आणि महिन्यातून एकदा बहीण गाडी घेऊन येते. ते तेवढं ऐकून गेले. जानेवारीत त्यांनी तिला इस्पितळात बोलावलं आणि पलंगाखालून हे गठ्ठे काढून दिले. म्हणाले, नियमाप्रमाणे पिशवीवर सभासदाचं नाव हवं. मी सभासद आहे. आत कोणाचा कचरा असावा हे पुस्तकात कुठे लिहिलेलं नाही, मी सगळी पानं पाहिली.

मला हसू आलं. वीस वर्षं ज्यानं आम्हाला झाकणं मोजायला लावली, त्यानं मरताना पुस्तकातली एकुलती एक फट शोधून काढली होती.

"आणि बॅटरी?" ओगुशीसाननी विचारलं.

साएनं मान हलवली. तिच्या घरी बॅटरीवर चालणारं काहीच नव्हतं. शिवणयंत्र तारेवरचं, आईचा पंखा तारेवरचा. मंगळवारी पहाटे साडेपाचला तिनं पिशवी जाळीखाली ठेवली आणि घरी आली. तिनं घट्ट गाठ मारली होती, एकावर एक दोन.

"पण हे कोण मानेल?" ती म्हणाली.

कोणीच मानणार नव्हतं. आम्ही बाहेर पडलो तर आळीतल्या तीन बायका पलीकडच्या कुंपणाशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्या हातातला डबा पाहिला होता.

४

दुपारपर्यंत पत्र तयार झालं. दोन पत्रं. एक शहर कचेरीला, त्यात साए इनूईचं नाव. दुसरं तिच्या घरमालकाला, हिला इथून काढा म्हणून. लोक वाईट नव्हते. नव्वद पायऱ्यांची भीती त्यांच्या पोटात शिरली होती आणि भ्यालेल्या माणसाला हाताशी एक नाव हवं असतं. अध्यक्षाचा शिक्का तेवढा उमटायचा राहिला होता. लोक नाबेशिमांकडे गेले तर ते म्हणाले, शिक्का सापडत नाही, संध्याकाळच्या सभेत पाहू.

हे मी ओगुशीसानना सांगितलं तेव्हा त्या माझ्या अंगणात परत त्या पिशवीपाशी बसलेल्या होत्या. त्यांनी एकदम वर पाहिलं.

"नाबेशिमांना शिक्का सापडत नाही? ज्यांच्या घरी कात्रीचीसुद्धा जागा ठरलेली आहे त्यांना?"

मग त्यांनी मला जवळ बोलावलं. पिशवीचा वरचा भाग आगीतून वाचला होता. साएनं सांगितलेल्या दोन गाठी जशाच्या तशा होत्या, कोणी सोडलेल्या नव्हत्या. पण एका बाजूला, वीतभर खाली, पिशवी फाडलेली होती आणि फाटल्या जागेवर रुंद पारदर्शक चिकटपट्टी लावलेली होती.

ओगुशीसान म्हणाल्या, टपाल कचेरीत अशी पाकिटं त्या रोज बघायच्या. पाठवणाऱ्यानं बंद केलेलं आणि दुसऱ्यानं उघडून परत चिकटवलेलं, यातला फरक हाताला कळतो. स्वतःच्या पिशवीत काही घालायचं राहिलं तर माणूस गाठ सोडतो, नाहीतर दुसरी पिशवी घेतो. पिशवी फाडतो तो, ज्याला दुसऱ्यानं मारलेली गाठ सुटत नाही.

"हे झालं कुठे? साएच्या घरीच झालं असेल, असं लोक म्हणतील," मी म्हटलं.

त्यांनी नखानं पट्टीची कड उचलली. पट्टीच्या चिकट बाजूला, पट्टी आणि पिशवी यांच्यामध्ये, केसाएवढा एक निळा धागा अडकलेला होता.

कावळ्यांच्या जाळीचा धागा. पट्टी लावली तेव्हा पिशवी जाळीखाली होती. म्हणजे साडेपाचनंतर, गाडी यायच्या आधी, भिंतीलगत, माझ्या सलूनच्या समोर.

"तोकुनागासान," त्यांनी मला नावानं हाक मारली, "मंगळवारी परत आलेली तुमची पिशवी तुम्ही काय केलीत?"

रागानं फेकून दिली होती, सायकलीमागे. अजून तिथेच होती. मी ती ओढून आणली. लाल चिठ्ठी तिच्यावर तशीच होती.

ओगुशीसाननी चिठ्ठीकडे पाहिलंच नाही. ती चिठ्ठी ज्या पट्टीनं चिकटवली होती, त्या पट्टीच्या टोकाकडे त्या पाहत राहिल्या. मग त्यांनी खिशातून चष्मा काढला.

५

संध्याकाळी सहाला समितीच्या खोलीत सभा भरली. एकोणीस घरांतून एकोणीस माणसं, आणि दाराशी साए, जिला बोलावलं नव्हतं पण ओगुशीसान हाताला धरून घेऊन आल्या होत्या. मी दोन पुडकी मांडीवर घेऊन बसलो होतो.

ओगुशीसान उभ्या राहिल्या. आवाज चढवला नाही. आधी त्यांनी पिशवीची गोष्ट सांगितली, कुरामोचींनी इस्पितळात काय केलं ते. खोलीत चुळबुळ थांबली. एका म्हातारीनं डोळ्याला रुमाल लावला. मग त्यांनी गाठी, फाटलेली जागा आणि निळा धागा दाखवला. बॅटरी साएनं टाकलेली नाही, हे एवढ्यावर सगळ्यांना पटलं.

"आता तो कोण ते बघू," त्या म्हणाल्या. "अग्निशामक दलाच्या माणसाला मी आज भेटले. बॅटरीच्या टोकांवर पिवळी चिकटपट्टी गुंडाळलेली होती, एक कोपरा जळायचा राहिलाय. टोकं अशी बंद करा, हे पुस्तकाच्या एकेचाळीसाव्या पानावर आहे. आपल्यापैकी किती जणांनी एकेचाळीसावं पान वाचलंय?"

कोणी हात वर केला नाही.

"दुसरं. मंगळवारी पहाऱ्यावर असलेल्या माणसानं तोकुनागासानच्या बाटलीवरची बोटभर पट्टी पाहिली. म्हणजे त्यानं प्रत्येक पिशवी उचलून बघितली. मग त्याच ढिगातलं मेलेल्या माणसाचं नाव त्याला दिसलं नाही का? दिसलं असणार. आणि तो गप्प बसला."

मी स्वतःच्याच कपाळावर हात मारून घेतला. तीन दिवस मी त्या लाल चिठ्ठीवरून कुरकुरत होतो आणि ती काय सांगतेय ते मला कळलं नव्हतं.

त्यांनी माझ्याकडून दोन्ही तुकडे घेतले. एक माझ्या पिशवीवरचा, चिठ्ठी लावलेला. दुसरा कुरामोचींच्या पिशवीवरचा. दोन्ही दातांनी तोडलेले. पट्टीचं तुटकं टोक करवतीसारखं असतं, दर वेळी वेगळं. त्यांनी दोन टोकं शेजारी ठेवली आणि हळूच सरकवली. उंचवटा खळग्यात बसला, खळगा उंचवट्यात. एकाच गुंडाळीचे, एकामागून एक तोडलेले तुकडे.

कोणीही नाबेशिमांकडे पाहिलं नाही. आमच्याकडे तसं बघत नाहीत. सगळे जमिनीकडे बघत राहिले.

नाबेशिमांनी कोटाच्या खिशातून शिक्का काढला आणि टेबलावर ठेवला.

"सापडत नव्हता असं नाही," ते म्हणाले.

मग ते बोलत गेले. बॅटरी घरातल्या बिनतारेच्या केर ओढायच्या यंत्राची. एप्रिलमध्ये ती फुगली. त्यांनी शहर कचेरीला फोन केला. तिथे सांगितलं, फुगलेली आम्ही घेत नाही, दुकानात द्या. दुकानदार म्हणाला, साधी घेऊ, फुगलेली नाही, कंपनीला विचारा. कंपनी चार वर्षांपूर्वीच बंद झालेली. परत शहर कचेरी. ते म्हणाले, ऑक्टोबरात एक दिवस खास गोळा करतो, तोवर सांभाळून ठेवा. वाळूच्या बादलीत घालून त्यांनी ती सज्ज्यात ठेवली. जून उजाडला, ऊन वाढलं, ती रोज थोडी थोडी फुगत होती. बायको एक दिवस बॅग भरून बहिणीकडे गेली, म्हणाली, ती बॅटरी गेली की मी येते.

"तिला काय सांगू? मी अध्यक्ष. तुम्हा सगळ्यांना पानं वाचून दाखवणारा. मलाच माहीत नव्हतं ती कुठे टाकायची."

मंगळवारी ते बॅटरी पिशवीत घालून पहाऱ्यावर घेऊन आले होते. का, ते त्यांनाही सांगता येईना. टाकायचं ठरवलं नव्हतं. मग ते नाव दिसलं. कोणाही जिवंत माणसाच्या पिशवीत त्यांचा हात गेला नसता. मेलेल्याला काय शिक्षा होणार आहे, असं त्यांच्या मनात आलं. गाठ सुटेना म्हणून किल्लीनं पिशवी फाडली. पाच मिनिटांनी पश्चात्ताप झाला, पण तेवढ्यात कोणीतरी पिशवी घेऊन आलं, आणि ते गप्प राहिले.

"गाडी पेटेल हे माहीत नव्हतं?" साएनं विचारलं. संध्याकाळभर ती एवढंच बोलली.

"माहीत होतं," नाबेशिमा म्हणाले. "बेचाळीसाव्या पानावर आहे."

ते तिच्यासमोर गुडघ्यावर बसले आणि कपाळ चटईला टेकवलं. बराच वेळ उठले नाहीत. ती पुढे झाली नाही, मागेही सरली नाही. शेवटी म्हणाली, आईच्या जेवणाची वेळ झाली, आणि निघून गेली. ते पत्र कोणीतरी फाडलं, घरमालकाचं. दुसरं नाबेशिमांनी स्वतः पुन्हा लिहिलं, स्वतःचं नाव घालून, आणि त्यावर तो शिक्का उमटवला.

६

शुक्रवारी सकाळी शहर कचेरीत जाण्याआधी नाबेशिमा इगाराशींच्या घरी गेले. एकट्यानं जायचा धीर होत नव्हता म्हणून ओगुशीसान आणि मी बरोबर.

इगाराशी उजव्या हाताला बँडेज बांधून ओसरीवर बसले होते. नाबेशिमांनी सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. फुगलेली बॅटरी, तीन ठिकाणचे फोन, बादली, किल्ली. इगाराशी ऐकत राहिले. शिव्या घालतील, पोलिसांकडे जाईन म्हणतील, या तयारीनंच आम्ही गेलो होतो.

ते म्हणाले, हात बरा व्हायला महिना लागेल, तोवर जेवण डाव्या हातानं. त्याबद्दल तुम्हाला माफ केलं असं आज म्हणवत नाही. नंतर बघू. मग ते उठून आत गेले आणि बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा घेऊन आले. डाव्या हातानं झाकण उघडलं. आत वाळू, आणि वाळूत पोराचे दोन जुने फोन, दोन्हींची पाठ फुगून वर आलेली.

"दीड वर्ष झालं," इगाराशी म्हणाले. "बावीस वर्षं कचरा उचलतोय. हे कुठे द्यायचं, मलाही कोणी सांगितलेलं नाही."

ओगुशीसान त्या डब्याकडे पाहत राहिल्या. मग माझ्याकडे वळल्या.

"तोकुनागासान, तुमची केस कापायची यंत्रं बॅटरीवर चालतात ना?"

मी कबूल केलं. माझ्या खालच्या खणात तीन होत्या, टॉवेलात गुंडाळलेल्या. एक तर लाडवासारखी झाली होती.

त्या तडक आळीत परतल्या आणि दारोदार गेल्या. आधी प्रत्येकानं मान हलवली, आमच्याकडे तसलं काही नाही. मग त्या शांतपणे सांगायच्या की न्हाव्याकडे तीन आहेत आणि कचरेवाल्याकडे दोन. मग माणूस आत जायचा. कोणी माळ्यावरून आणलं, कोणी बुटांच्या कपाटातून. एका आजीनं देव्हाऱ्याच्या खालच्या खणातून काढलं, म्हणाली, इथे तरी पेटणार नाही असं वाटलं. दहा वाजता मोजले तेव्हा एकोणीसपैकी चौदा घरांतून निघाले होते. डबे, मडकी, पातेली, सगळ्यांत वाळू. साएकडे काही नव्हतं, पण आईला शेजारणीपाशी बसवून तीही आली.

आमची वरात निघाली तेव्हा पुढे नाबेशिमा, हातात पत्र. मागे म्हाताऱ्यांची रांग, मधे इगाराशी डाव्या हातानं डबा छातीशी धरून. लोक दुकानांतून बाहेर येऊन बघत होते. कालपर्यंत एकमेकांच्या पिशव्यांकडे संशयानं बघणारी माणसं आता एकमेकांना सांगत होती, अहो हळू, तुमचं जास्त फुगलंय. मला वाटतं, इतक्या वर्षांत आमची आळी एवढी खुशीत मी पाहिली नव्हती.

पुढचं थोडक्यात सांगतो. नाबेशिमांना शहरानं ताकीद दिली आणि चौकशीला तीनदा बोलावलं. अध्यक्षपद त्यांनी त्याच दिवशी सोडलं, आणि त्यांची बायको रविवारी परत आली. आमची जागा बंद झाली नाही. समितीनं नियम बदलला, घरी आजारी माणूस असेल त्याला पाळी माफ, आणि साएला नवं सभासदपत्र द्यायला सगळे मिळून गेले. तिनं ते घेतलं, पण चहा विचारला नाही. तिचा तो हक्क होता. अध्यक्ष व्हायला ओगुशीसान कबूल होईनात, म्हणून आळीत सर्वांत जास्त पिशव्या ज्याच्या परत आल्या होत्या त्याला केलं. म्हणजे मला.

पण मला सगळ्यांत जास्त आठवतं ते त्या शुक्रवारचं शहर कचेरीतलं टेबल. त्यावर चौदा घरांची भांडी ओळीनं मांडलेली, वर इगाराशींचा बिस्किटांचा डबा. नाबेशिमांनी पत्र पुढे केलं, नाव सांगितलं, बॅटरी मीच टाकली म्हणाले, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. मग टेबलाकडे हात करून विचारलं, या आम्ही कुठे द्यायच्या?

टेबलामागच्या माणसानं नियमांचं पुस्तक काढलं. पानं उलटली. पुन्हा पहिल्यापासून उलटली. आम्ही सगळे वाकून त्याच्या बोटाकडे बघत होतो. शेवटी त्यानं पुस्तक मिटलं, फोन उचलला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "साहेब, जरा खाली येता का? आणि येताना वाळू आणा."